एस्क्रिमाच्या वर्गात नाव घालण्यापूर्वी: नवशिक्याने काय अपेक्षा ठेवावी?

माडबन

नमस्कार. नोकरीच्या निमित्ताने आम्ही सध्या फिलिपिन्समधील सेबू शहरात राहतो. येथे आल्यापासून एस्क्रिमा या काठीच्या युद्धकलेबद्दल सतत कानावर पडत आहे. कार्यालयातील एक सहकारी नेमाने वर्गाला जातो आणि त्याच्या आग्रहामुळे मी व माझी बारा वर्षांची मुलगी अशा दोघांनी नाव घालावे, असा विचार चालू आहे. माझे वय चाळिशीच्या पुढे आहे आणि शाळेतील एनसीसीची कवायत सोडली तर शिस्तबद्ध शारीरिक शिक्षणाशी माझा संबंध आलेला नाही. मुलगी चपळ आहे, पण डावखुरी आहे.

पहिल्या काही महिन्यांत नेमके काय शिकवतात, इजा होण्याची शक्यता कितपत असते, साहित्य काय घ्यावे लागते, आणि या शिक्षणातून स्वसंरक्षण खरोखर साधते की ती केवळ एक देखणी कवायत आहे, हे मला जाणून घ्यायचे आहे. जालावर शोधले तर एकतर चित्रपटांतील झटापटी दिसतात किंवा ‘खास सैनिकी तंत्र’ अशा जाहिराती. चित्रफितींचे दुवे पुरेसे पाहून झाले आहेत. अनुभव असलेल्या सदस्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पैलतीर

माडबन, तुम्ही या विद्येच्या माहेरीच राहत आहात, त्यामुळे तुमचा थोडा हेवा वाटतो. मी कॅलिफोर्नियात स्टॉकटनजवळ राहतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथील अ‍ॅस्परॅगसच्या शेतांवर राबण्यासाठी फिलिपिनो मजूर मोठ्या संख्येने आले आणि त्यांच्याबरोबर ही विद्याही आली. त्यांच्यापैकी एंजेल काबालेस यांनी १९६६ साली स्टॉकटनमध्ये सर्वांसाठी खुली असलेली शाळा काढली. मी ज्यांच्याकडे शिकतो ते त्यांच्याच परंपरेतील आहेत, तेव्हा माझे मत त्या परंपरेकडे झुकलेले असणार, हे गृहीत धरून वाचावे.

नवशिक्याला पहिला धक्का बसतो तो क्रमाचा. कराटे किंवा ज्युदो शिकलेल्या माणसाला वाटते की आधी हातापायांचे शिक्षण होईल आणि शस्त्र वगैरे पुढे केव्हातरी मिळेल. येथे पहिल्याच दिवशी हातात काठी देतात आणि रिकाम्या हाताचे शिक्षण नंतर येते. त्यामागचा विचार असा की काठीचे टोक मुठीपेक्षा कितीतरी वेगाने येते, त्यामुळे त्या वेगाला नजर आणि पाय सरावले की पुढचे सोपे जाते. शिवाय काठीचा तिरपा वार, सुऱ्याचा तिरपा वार आणि हाताचा फटका यांची वाट जवळपास एकच असते. म्हणूनच वारांना नावे न देता आकडे देतात. बहुतेक परंपरांत हे आकडे बारा असतात. ‘एक’ म्हणजे वरून तिरपा, समोरच्याच्या डाव्या कानशिलाच्या बाजूने येणारा वार, आणि ‘दोन’ म्हणजे त्याच्या उलट बाजूचा. येथपर्यंत बऱ्याच शाळांचे एकमत असते. त्यापुढचे आकडे मात्र शाळेगणिक बदलतात, त्यामुळे चित्रफिती पाहून पाठांतर करून जाऊ नका. एका शाळेचा ‘पाच’ म्हणजे पोटात भोसकणे असेल, तर दुसरीकडे त्याच आकड्याला भलतेच काही म्हणत असतील.

सुरुवातीचे महिने हे वार हवेत मारणे, मग समोरच्याच्या काठीवर मारणे, त्रिकोणाच्या रेषांवर पाऊल टाकून वाराच्या वाटेतून बाजूला होणे आणि तेच पुन्हा करणे, यांत जातात. सर्वांत जड जाते ती गोष्ट म्हणजे मोकळा हात. ज्या हातात काठी नाही तो हात लोंबकळत ठेवायचा नसतो किंवा कमरेवरही ठेवायचा नसतो. समोरच्याची काठी अडवली की लगेच त्याच्या मनगटावर जाऊन तो हात दाबून धरायचा असतो. हे सांगायला सोपे आहे, पण अंगवळणी पडायला फार काळ लागतो.

एक किरकोळ गोष्ट. सेबूत ‘एस्क्रिमा’ म्हणतात, लुझोन बेटावर ‘अर्निस’ हा शब्द अधिक चालतो आणि अमेरिकेत ‘काली’. पाटीवर यांपैकी काहीही असले तरी नवशिक्याने त्यावरून वर्ग निवडू नये.

वेताळटेकडी

पैलतीर यांच्याशी सहमत. मी मनिलात असताना मॉडर्न अर्निस शिकलो. कधी मनिलाला गेलात तर रविवारी सकाळी लुनेता म्हणजे रिझाल पार्कमध्ये अवश्य चक्कर मारा. झाडांखाली वेगवेगळ्या गुरूंचे गट सराव करत असतात आणि उभे राहून पाहणाऱ्याला कोणी हटकत नाही. वर्ग निवडण्यापूर्वी चार पद्धती एकाच सकाळी पाहण्याची अशी सोय इतरत्र क्वचितच मिळेल.

इजेविषयी थोडे सांगतो. जुन्या पद्धतीत सरावातही समोरच्याच्या हातावरच काठी मारत, आणि बोटे सुजल्यामुळे बरेच विद्यार्थी लवकरच वर्ग सोडत. नेग्रोस बेटावर १९३६ साली जन्मलेल्या रेमी प्रेसास यांनी मॉडर्न अर्निसची आखणी करताना सरावात काठी काठीवर मारण्याची पद्धत रूढ केली, आणि आज बहुतेक वर्गांत नवशिक्यांसाठी हीच पद्धत असते. त्यामुळे पहिल्या दिवशी बोटे फुटतील, ही भीती बाळगू नये. अर्थात मूळ तत्त्व बदललेले नाही. ज्या हाताने शस्त्र धरले आहे तो हातच निकामी करायचा, हे पुढे शिकवतातच.

साहित्य अगदी थोडे लागते. वेताच्या दोन काठ्या, लांबी सुमारे २८ इंच म्हणजे ७१ सेंटिमीटर, जाडी साधारण एक इंच. पैलतीर यांच्या परंपरेत याहून आखूड काठी वापरतात, म्हणून आधी गुरूंना विचारूनच घ्याव्यात. वेत यासाठी की तो फुटला तरी त्याच्या टोकदार ढलप्या उडत नाहीत. तो हळूहळू तंतू सुटून पिंजत जातो. जोरात सराव झाल्यावर काठ्यांना करपल्यासारखा वास येतो, तेव्हा घाबरू नका. पर्यटकांच्या दुकानांत कामागोंग किंवा बाही या काळ्याभोर, चकचकीत, जड लाकडांच्या काठ्या मिळतात. त्या एकट्याने हवेत फिरवण्यासाठी ठीक आहेत, पण जोडीच्या सरावात त्यांनी हाड मोडू शकते. टी-शर्ट, लांब विजार आणि साधे बूट पुरेत. चिलखत, हातमोजे, शिरस्त्राण यांतले काहीही पहिल्या महिन्यात विकत घेऊ नका.

गुळपोळी

म्हणजे शुद्ध मराठीत सांगायचे तर, पासपोर्ट काढून, विमानाचे तिकीट काढून, परदेशात जाऊन टिपऱ्या खेळायच्या.

खडीसाखर

गुळपोळी यांनी विनोदात म्हटले आहे, पण मला ते गंभीरपणे म्हणायचे आहे. मी ठाण्यात बरीच वर्षे मुष्टियुद्ध केले. दुबईत असताना मित्राच्या आग्रहावरून अशा एका वर्गात अधूनमधून जाऊन बसत असे. जे पाहिले ते असे: दोघे समोरासमोर उभे राहतात आणि दोन्ही हातांतल्या काठ्या ठरलेल्या क्रमाने एकमेकांवर वाजवतात. दिसायला ते फार सुंदर असते. त्यानंतर एक जण एक वार करतो आणि हात तसाच पुढे ठेवून पुतळ्यासारखा उभा राहतो. दुसरा त्यावर पाच-सहा हालचाली करतो, काठी हिसकावतो, मान पकडतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. कोणता हल्लेखोर वार केल्यावर हात पुढे ठेवून वाट पाहत थांबतो? सुऱ्याच्या बाबतीत तर हा प्रकार मला धोकादायक वाटला, कारण सुरा सहज हिसकावता येतो असा खोटा विश्वास घेऊन माणसे घरी जात होती. माडबन यांनी व्यायाम म्हणून जरूर जावे, पण स्वसंरक्षणाची अपेक्षा ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रंकाळा_काठ

टिपऱ्यांचा विनोद आवडला, कारण आम्हा मर्दानी खेळवाल्यांनाही तो वारंवार ऐकावा लागतो. मी कोल्हापुरात तालमीत लाठी आणि पट्टा शिकलो आहे, आणि पुण्यात भरलेल्या एस्क्रिमाच्या एका छोट्या कार्यशाळेत उत्सुकतेपोटी गेलो होतो.

आमच्याकडेही वस्ताद आधी नुसती लाठी फिरवायला लावतात. मनगट मोकळे झाल्याशिवाय आणि पवित्रा ठरल्याशिवाय पुढचे काही मिळत नाही, आणि पट्टा तर फारच उशिरा हातात येतो. कार्यशाळेत जे पाहिले त्यात दोन गोष्टी मला अगदी वेगळ्या वाटल्या. आमची लाठी लांब असते, अंतर मोठे असते आणि एकाने अनेकांना अंगावर येऊ द्यायचे नाही, हा विचार प्रबळ असतो. तेथे काठी आखूड, अंतर हातभराचे, आणि सारे लक्ष समोरच्या एका माणसाच्या शस्त्र धरलेल्या हातावर. माझे पाय सवयीने सतत मागे जात होते आणि शिकवणारे मला पुन्हा पुन्हा आत ओढत होते.

खडीसाखर ज्याला ठरलेला क्रम म्हणतात त्याचे नाव सिनावाली. ती लढाई नाही आणि लढाई म्हणून शिकवली जाऊ नये. तिच्यामुळे नावडता हात आवडत्या हाताइतका चालू लागतो आणि अंगावर येणारी काठी पाहून डोळे मिटण्याची सवय जाते. एवढ्यासाठी ती उत्तम आहे. अडचण होते ती सराव आणि दर्शन यांतली रेघ पुसली गेल्यावर. शिवजयंतीच्या मिरवणुकीत टाळ्या मिळवणारे फेकीचे हात आणि तालमीत वस्तादांनी दार लावून दिलेले हात यांत किती अंतर आहे, हे आमच्याकडच्या कोणालाही विचारा. तेव्हा फिलिपिनोंना हसण्यापूर्वी आपण आपले अंगण पाहिलेले बरे.

पैलतीर

खडीसाखर, तुमच्या आक्षेपातला अर्धा भाग मला पूर्णपणे मान्य आहे आणि नवशिक्याने तो समजूनच वर्गात शिरावे. सिनावाली, हुबुद, सुम्ब्रादा हे सारे सहकार्याने करायचे सराव आहेत. त्यांत जोडीदार तुम्हाला मदत करत असतो. एखादा वर्ग तेथेच वर्षानुवर्षे थांबला तर तुम्ही म्हणता तसेच होते.

परंतु सगळी परंपरा तेथेच थांबलेली आहे, असे म्हणणे योग्य नाही, आणि माडबन सेबूत असल्यामुळे तेथीलच उदाहरण देतो. १९३२ साली सेबूत दोसे पारेस ही संस्था स्थापन झाली. कान्येते घराण्याचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले आहे. पुढे वेनान्सियो बाकोन तिच्यातून बाहेर पडले आणि १९५२ मध्ये बालिंतावाक नावाच्या रस्त्यावर त्यांचा वेगळा गट उभा राहिला, म्हणून त्या पद्धतीला बालिंतावाक म्हणतात. या पद्धतीत एकच काठी असते, अंतर अगदी जवळचे असते आणि शिक्षक स्वतः समोर उभा राहून एका वेळी एकाच विद्यार्थ्याला वार देतो. आधी ठरावीक क्रमाने देतो, मग क्रम मोडतो, मग वेग वाढवतो, आणि मध्येच हूल देऊन मोकळ्या हाताने ढकलतोही. तुम्ही पाहिलेला पुतळा येथे नसतो. मात्र यात आपली पाळी येईपर्यंत बराच वेळ वाट पाहावी लागते, आणि पाळी आली की काही मिनिटांतच दंड भरून येतो, याची तयारी ठेवावी.

स्पर्धांचेही तसेच. १९८९ मध्ये सेबूत पूर्ण आघाताची पहिली जागतिक स्पर्धा झाली. जाड गादीचे चिलखत आणि जाळीचे शिरस्त्राण घालून खेळाडू एकमेकांवर मनसोक्त काठ्या चालवतात. टीका अशी होते की चिलखतामुळे माणूस अंगावरच्या वारांची पर्वाच करत नाही आणि दोघेही नुसते बडवत सुटतात. ही टीका मला रास्त वाटते. दुसऱ्या टोकाला आमच्या कॅलिफोर्नियातील डॉग ब्रदर्स हा गट आहे. ते तलवारबाजीचा मुखवटा आणि हलके हातमोजे एवढ्यावरच खऱ्या वेताने लढतात. यांपैकी काहीही नवशिक्याला करायला सांगत नाहीत, आणि कोणी सांगितले तर नकार द्यावा.

वर्ग पारखण्याची माझी खूण एकच आहे. जोडीदाराने केलेला वार तुम्ही अडवला नाही, तर तो, हलकेच का होईना, तुम्हाला लागतो का? अनेक वर्गांत जोडीदार काठीवर नेम धरून मारतो, अंगावर नाही. तुम्ही जागेवरून नाहीसे झालात तरी त्याची काठी हवेत तिथेच येऊन थांबेल. असा वर्ग दिसला की समजावे.

सुऱ्याबाबत मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत. चांगला गुरू पहिल्याच दिवशी सांगतो की सुरा समोर आला तर तुम्ही कापले जाणार, आणि दार उघडे असेल तर पळणे हाच पहिला डाव. सुरा हिसकावण्याची हमी देणाऱ्याला नमस्कार करून घरी यावे.

खडीसाखर

शेवटच्या परिच्छेदाबद्दल आभार. माझा राग खरे तर त्या हमी देणाऱ्यांवरच आहे. अडवला नाही तर लागतो का, ही कसोटी आम्ही मुष्टियुद्धातही लावतो, त्यामुळे ती लगेच पटली. बालिंतावाकचा वर्ग मी पाहिलेला नाही. पाहायला मिळाला तर मत बदलण्याची तयारी आहे.

गुळपोळी

एक बालबुद्धीचा प्रश्न. मॅजेलनला फिलिपिनोंनी याच काठ्यांनी लोळवले, असे आमच्या ओळखीचे एक काका छातीठोकपणे सांगतात. ते खरे का?

शिलालेख

गुळपोळी, ही कथा वर्गातही हमखास ऐकायला मिळते, म्हणून ती धाग्याच्या विषयाबाहेरची मानत नाही. २७ एप्रिल १५२१ रोजी सेबूसमोरच्या माक्तान बेटावर तेथील सरदार लापुलापू याच्या लोकांशी झालेल्या चकमकीत मॅजेलन मारला गेला, हे खरे. मोहिमेबरोबर असलेल्या अंतोनियो पिगाफेत्ता याने त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यात बाण, बांबूचे भाले, दगड आणि मोठ्या वाकड्या पात्याचा डाव्या पायावर बसलेला घाव यांचा उल्लेख आहे, आणि माक्तानकरांची संख्या प्रचंड होती हेही आहे. एस्क्रिमा नावाच्या शिस्तबद्ध पद्धतीचा त्यात पत्ता नाही. लढवय्ये लोक तेथे होते याबद्दल शंका नाही, परंतु आज वर्गात जे शिकवतात तेच लापुलापू करत होता, असे म्हणायला आधार नाही.

वर्गातले शब्द ऐकले की स्पॅनिश राजवटीच्या तीनशेहून अधिक वर्षांचा ठसा लगेच जाणवतो. तलवार व कट्यार एकत्र चालवण्याच्या प्रकाराला ‘इस्पादा इ दागा’ म्हणतात, लांबच्या, मधल्या आणि जवळच्या अंतरांना अनुक्रमे ‘लार्गो’, ‘मेदियो’, ‘कोर्तो’ म्हणतात, आणि अनेक जुने गुरू वारही स्पॅनिशमध्येच मोजतात. गुरूंनी माक्तानची कथा सांगितली तर आदराने ऐकावी. तेथे वाद घालण्यापेक्षा मनगट फिरवणे अधिक उपयोगाचे.

हाडवैद्य

व्यवसायाने अस्थिरोगतज्ज्ञ असल्यामुळे इजेच्या प्रश्नावर लिहितो. स्वतः ही कला शिकलेलो नाही, पण काठी आणि रॅकेट चालवणाऱ्यांचे हात नेहमी तपासतो. माडबन, तुमच्या वयात समोरच्याच्या काठीपेक्षा स्वतःच्या काठीचा त्रास होण्याची शक्यता जास्त आहे. नवशिका भीतीने काठी करकचून आवळतो आणि प्रत्येक आघाताचा धक्का मनगटातून कोपरापर्यंत जातो. काही आठवड्यांनी कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागते, ज्याला टेनिस एल्बो म्हणतात, किंवा अंगठ्याच्या मुळाशी मनगटाचे स्नायुबंध सुजतात. काठी हातातून सुटणार नाही इतकीच घट्ट धरावी, आघाताच्या क्षणी मूठ आवळावी आणि लगेच सैल सोडावी. पहिल्या महिन्यात रोज तासभर काठी फिरवण्याचा उत्साह टाळावा. दुखणे रात्री जाणवू लागले किंवा भरलेली बादली उचलताना कळ आली, तर विश्रांती घ्यावी आणि डॉक्टरांना दाखवावे.

दुसरे म्हणजे डोळे. बोटाच्या पेरावर काठी बसली तर आठवडाभर सूज राहते आणि बहुधा उतरते. डोळ्याचे तसे नाही. सुटलेली किंवा घसरलेली काठी नेमकी चेहऱ्याकडे जाते. मुलीसाठी तरी न फुटणारा संरक्षक चष्मा पहिल्या दिवसापासून घ्यावा, वर्गात इतर कोणी घालत नसले तरी. अंगठी, कडे, घड्याळ घरी ठेवावे. बोट सुजल्यावर अंगठी कापून काढण्याचे काम आम्हालाही आवडत नाही आणि सोनाराला तर नाहीच नाही.

दावाओची_डायरी

मी दावाओमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत आहे. येथे आम्ही भारतीय विद्यार्थी बरेच आहोत आणि आमच्यापैकी काही जणी संध्याकाळी अर्निसला जातो. मुलगी म्हणून जे वाटले ते लिहिते, कारण माडबन यांच्या मुलीला त्याचा उपयोग होईल.

वर्ग मिश्र असतो आणि जोडीदार सारखे बदलतात. आपल्याहून उंच, आडदांड मुलाबरोबर सराव करायला सुरुवातीला संकोच वाटतो, पण काठीमुळे दोघांच्या मध्ये अंतर राहते आणि अंगलट येण्याचा प्रश्न कुस्तीसारखा सुरुवातीलाच उभा राहत नाही. सुरुवातीला आणि शेवटी काठी छातीशी धरून, मान लववून अभिवादन करतात. शिक्षकांना ‘गुरो’ म्हणतात, काही ठिकाणी ‘मास्टर’ किंवा नुसते ‘सर’. वातावरण मात्र मला वाटले होते त्यापेक्षा खूप हसरे आहे. चुकून कोणाला लागले की दोघेही हसतात, क्षमा मागतात आणि पुढे चालू लागतात. गुरोसुद्धा थट्टा करतात. ज्याला लष्करी शिस्त हवी आहे त्याचा थोडा विरस होईल. वर्गानंतर बहुधा काहीतरी खाणे असते आणि त्याला नाही म्हणणे बरे दिसत नाही. शाकाहारी असाल तर आधीच सांगून ठेवा.

२००९ च्या कायद्याने अर्निस हा येथील राष्ट्रीय खेळ आणि राष्ट्रीय युद्धकला ठरला आणि शाळांच्या शारीरिक शिक्षणातही तो असतो. त्यामुळे माडबन यांच्या मुलीच्या वर्गातल्या मुलांना पहिले काही वार आधीपासून येत असण्याची शक्यता आहे. २०१९ मध्ये येथेच झालेल्या आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धांत अर्निसच्या २० सुवर्णपदकांपैकी १४ यजमानांनी जिंकली, तेव्हा मुलांमध्ये उत्साह बराच आहे. लहान मुलांना पुष्कळ ठिकाणी आधी मऊ आवरणाची काठी देतात.

डावखुरेपणाबद्दल: दोन काठ्यांच्या सरावात तिला अडचण येणार नाही, उलट बाकीचे डाव्या हाताशी झगडत असताना ती पुढे जाईल. एका काठीच्या सरावात काही गुरो सर्वांना उजव्या हातानेच शिकवतात, कारण जोडीतले कोन तसे बसवलेले असतात. काही जण डाव्या हाताने शिकू देतात. नाव घालण्यापूर्वी हे विचारून घ्यावे आणि मुलीला काय हवे आहे तेही विचारावे.

निर्विकार

मी ही कला सोडून दिलेली आहे, तेव्हा तीही बाजू नोंदवतो. लंडनमध्ये ज्यांच्याकडे जात होतो त्यांच्याकडे ज्ञानाचा तोटा नव्हता. किंबहुना तोच त्रास होता. दर आठवड्याला नवा क्रम, नवी सोडवणूक, नवे शस्त्र. आज दोन काठ्या, पुढच्या वेळी काठी आणि कट्यार, त्यानंतर रिकामे हात. माझ्या वहीत शेकडो गोष्टी लिहिलेल्या होत्या आणि साधा पहिला वार जोर लावून मारता येत नव्हता. या कलेत प्रकार इतके आहेत की हौशी शिक्षकाला सगळेच दाखवण्याचा मोह होतो आणि विद्यार्थ्यालाही ते आवडते, कारण कंटाळा येत नाही. म्हणून पैलतीर यांनी सुरुवातीला लिहिलेला ‘तेच पुन्हा करणे’ हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जो कमी शिकवतो तो निवडा.

माडबन

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एवढे सविस्तर उत्तर मिळेल असे वाटले नव्हते. दरम्यान मी आणि मुलगी एक वर्ग पाहून आलो. पैलतीर यांची कसोटी लक्षात ठेवून पाहिले, तर ज्येष्ठ विद्यार्थ्यांचे वार खरोखर अंगावर येत होते; नवशिक्यांचे मात्र काठीवरच येत होते, आणि ते तसेच असावे असे वाटले. गुरू सत्तरीच्या आसपासचे आहेत. त्यांची पावले फार हलत नाहीत, पण मोकळा हात कधी येऊन मनगटावर बसतो ते दिसतही नाही. सुऱ्याबद्दल मी मुद्दाम विचारले. त्यांनी हसून दाराकडे बोट दाखवले, त्यामुळे खडीसाखर यांचे समाधान व्हावे. मुलीला डाव्या हाताने शिकवायला ते तयार आहेत, पण उजव्या हाताचे वारही तिला शिकावेच लागतील अशी त्यांची अट आहे आणि तिला ती मान्य आहे. आम्ही पुढच्या आठवड्यापासून जाणार आहोत.

दोन शंका उरल्या आहेत. आम्ही सदनिकेत राहतो, तेथे घरी सराव कसा करावा? आणि सुट्टीत पुण्याला येताना काठ्या विमानातून आणता येतील का?

वेताळटेकडी

घरात काठीवर काठी वाजवू नका, खालचे शेजारी वर येतील. भिंतीपासून दूर उभे राहून वार हवेत, अगदी सावकाश, काठी जेथे थांबवायची तेथेच थांबवत मारावेत. जोर लावण्यापेक्षा हे अवघड आहे आणि हाडवैद्य यांच्या सूचनेलाही धरून आहे. पाऊल टाकण्याचा सराव करताना जमिनीवर चिकटपट्टीने त्रिकोण आखून घ्यावा. गच्चीवर परवानगी मिळाली तर जुना टायर टांगावा. त्यावर मारल्याशिवाय वारात जोर आहे की नाही ते कळत नाही.

विमानात काठ्या हातातल्या सामानात नेऊ देत नाहीत, त्या सोपवायच्या सामानातच ठेवाव्या लागतात. २८ इंची काठी मोठ्या बॅगेत तिरपी ठेवली तर मावते. मधल्या आकाराची बॅग घेतलीत तर मावणार नाही, आणि काठी कापण्याचा विचार मनात आणू नका.

रंकाळा_काठ

पुण्याला याल तेव्हा कोल्हापूरलाही या. तुमच्या २८ इंचांसमोर आमची लाठी ठेवून पाहू. मुलीला जरूर आणा, तिच्या डाव्या हाताशी गाठ घालायला आमच्या तालमीतली मुले तयारच असतील.

गुळपोळी

मी टाळ्या वाजवायला येतो. संरक्षक चष्मा घालून.